बेटावरचे बुटके

बाईंनी वर्गाला फळ्यावर एक मनातलं बेट वसवायला सांगितलं. मुलांनी डोंगरात राक्षस, तळ्यात जलपऱ्या आणि झाडांच्या ढोलीत बुटके ठेवले. मग कोणाचं कोणाशी पटतं, यावरून चांगलीच जुंपली.

"बाई, बेट लहान पडतंय. बुटक्यांना हाकलून देऊ या," एकजण म्हणाला, आणि सगळ्यांनी हसत हात वर केले.

लढाईमुळे गाव सोडून आलेल्या नव्या मुलीनं तेवढा हात वर केला नाही. दप्तर तिनं छातीशी घट्ट धरलं होतं. बाईंनी खडू खाली ठेवला. तिच्या बाकाशी जाऊन त्या म्हणाल्या, "अगं, हा नुसता खेळ आहे."

 

ती कुजबुजली, "बाई, या वेळी आजीला बरोबर नेऊ देतील ना?"