बाबा गेले

गायकाचे वडील सगळ्यात मागे, भिंतीला पाठ टेकून उभे होते. फर्निचरच्या दुकानावरचा लांबट हॉल. बाहेर अजून ऊन होतं, पण खिडक्यांना काळे पडदे लावून आत अंधार केला होता. शंभरेक मुलंमुली, बहुतेकांचे कपडेही काळेच.

वडील कामावरून थेट आले होते. लिफ्ट दुरुस्त करायचं काम. खाकी शर्टाच्या बाहीला ग्रीस लागलेलं. सकाळी एका इमारतीच्या लिफ्टमध्ये चिकटवलेल्या पोस्टरवर त्यांना मुलाचा चेहरा दिसला होता. ओळखायला जरा वेळ लागला. मधे सात वर्षं गेली होती.

"काका, तुम्ही साउंडवाले का?" शेजारच्या मुलीनं विचारलं. तिच्या डोळ्यांत जाड काजळ होतं.

"नाही. ऐकायला आलोय."

"तुम्ही इमो ऐकता?"

"म्हणजे काय असतं?"

मुलीनं थोडा विचार केला. "रडायचं. पण ओरडून."

"बरं," वडील म्हणाले.

चौघंजण स्टेजवर आले. मुलगा माईकपाशी उभा राहिला. केस एका डोळ्यावर आलेले. शाळेत कविता म्हणायची वेळ आली की त्याची बोबडी वळायची. आता त्यानं तोंड उघडलं आणि सगळा हॉल उड्या मारायला लागला. पहिल्या तीन गाण्यांतला एकही शब्द वडिलांना कळला नाही. बेअरिंग गेलेल्या मोटरसारखी भिंत त्यांच्या पाठीत थरथरत होती.

मग गिटार हळू झाली.

"हे बाबांसाठी," मुलगा म्हणाला.

हॉल एकदम गप्प. एकेक करत मोबाइलचे दिवे वर आले.

बाबा गेले, दिवा जळत राहिला,
बूट दारात, डबा ओट्यावर...

दुसऱ्या वेळी सगळ्यांनीच ती ओळ उचलली. बाबा गेले! मानेच्या शिरा ताणून, डोळे मिटून, अनोळखी पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ओरडत होती. शेजारच्या मुलीचं काजळ हनुवटीपर्यंत ओघळलं होतं.

बूट खरंच दारात राहिले होते. लेस बांधत बसलं असतं तर कुणीतरी जागं झालं असतं.

"दहावीत होता तो," मुलगी त्यांच्या कानाशी येऊन म्हणाली. "बाबा गेले तेव्हा. अटॅक होता म्हणे."

"असं त्यानं सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? गेले म्हणजे गेलेच की, काका."

वडील बाहीवरचा ग्रीसचा डाग अंगठ्यानं घासू लागले.

"माझे दोन वर्षांपूर्वी गेले. हे गाणं नसतं ना, तर मी..." तिनं नाक पुसलं. "तुमचं कोण गेलं?"

तेवढ्यात ड्रम सुटले, म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही.

कार्यक्रम संपला, ट्यूबलाइट लागल्या. वडील दाराकडे वळले तशी मुलीनं त्यांची बाही धरली.

"चला ना, दादा सगळ्यांना भेटतो."

"मला निघायला हवं," ते म्हणाले, आणि तिच्या मागोमाग गेले.

मुलगा एका स्पीकरवर बसून पाणी पीत होता. समोरच्या टेबलावर टी-शर्ट मांडलेले. त्यानं वर पाहिलं आणि बाटली ओठांपाशीच थांबली.

"दादा, हे काका पहिल्यांदाच आलेत," मुलगी म्हणाली. "बाबांच्या गाण्याला डोळे भरून आले त्यांचे."

"धूर होता," वडील म्हणाले.

मुलानं बाटलीचं झाकण लावलं. लागलं होतं तरी आणखी एकदा फिरवून घट्ट केलं.

"मागे नीट ऐकू आलं तुम्हाला?"

"आलं. शब्दन् शब्द."

"काही चुकलं का?"

मुलगी हसली. "चुकतंय कुठे!" तिनं एक टी-शर्ट उचलून छातीशी लावून बघितला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत ती ओळ छापलेली होती. तिचा चेहरा रडून सुजला होता, पण पोटभर जेवल्यासारखी ती शांत दिसत होती.

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. मग मुलाकडे. तो त्यांच्याकडे बघत होता, एका डोळ्यानं. दुसऱ्यावर केस होते. तो थांबला होता. काही म्हणायचं असलं तर म्हणून टाका, एवढा वेळ तो थांबला.

"नाही," वडील म्हणाले. "सगळं बरोबर आहे. असंच म्हणत जा."

"थँक यू, काका," मुलगा म्हणाला.

त्यानं हात पुढे केला नाही. वडिलांनीही केला नाही. त्यांच्या हाताला ग्रीस होतं. मान हलवून ते निघाले. दारापाशी गर्दी होती, तिच्यातून वाट काढत उंबऱ्यापर्यंत पोचले.

"जिन्यात दिवा नाही," मागून आवाज आला. मघाचाच आवाज, पण माईकशिवाय तो फारच लहान वाटला. "जपून उतर."

टी-शर्टची घडी घालता घालता मुलीचे हात थांबले.