पिवळी पिशवी

घरात काही म्हणजे काही वाया घालवायचं नाही, असं हर्षाताईंनी मनावर घेतलं. स्वयंपाक मोजून होऊ लागला आणि त्यांच्याकडे भांडी घासणाऱ्या शामलाचा उरलंसुरलं न्यायचा डबा रिकामाच घरी जाऊ लागला. ताईंच्या लेकीला, सोनिकाला, आखूड झालेला पिवळा फ्रॉक दिवाळीला आपल्याला मिळणार, एवढं मात्र तिनं आपल्या पोरीला कधीचं सांगून ठेवलं होतं.

दिवाळीला ताईंनी मोठ्या हौसेनं तिच्या हातात पिवळी पिशवी ठेवली. "सोनिकाच्या फ्रॉकची शिवली मी. आता भाजी प्लॅस्टिकच्या पन्नीत नको आणू वं."

"मस्त झाली, ताई," शामला म्हणाली.

घरी पोरीनं पिशवीत खांद्यापर्यंत हात घातला.


"माय, फ्रॉक कुठी आहे वं?"