मागची चाकं

"ट्रॉलीलाच टायर ना? मग रिमोल्ड चालतंय की," दुकानदार म्हणाला.

हरीबाने मान डोलावली. आकाशपाळणा घेऊन जत्रेजत्रेत फिरायचं, नवे टायर ट्रॅक्टरला घालायचे आणि जुन्यावर रबर चढवलेले ट्रॉलीला, हे वडिलांपासून चालत आलेलं. तरी समोरच्या रिमोल्ड टायरवरच्या बारीक भेगेवरून त्याचं बोट हलेना. मागच्या महिन्यात घाटातच ट्रॉलीचा एक टायर फुटला होता आणि उद्या पुन्हा घाट उतरायचा होता.

"माल काय असतो ट्रॉलीत?" दुकानदाराने विचारलं.

"काय नाय. पाळण्याचं लोखंड."

दुकानासमोर उभ्या ट्रॉलीवरच्या पत्र्याच्या खोलीत बायको लेकीची वेणी घालत होती. तिचे हात थांबले.

"अहो, लोखंडावर आम्ही दोघी असतो, तेवढं सांगा की त्यांना."