शीटमधलं भोक

बोर्डवाल्याने चष्म्याच्या दुकानासाठी स्वतःच्या बायकोचाच माणसाएवढा कटआउट कापला, कारण फोटोपुरती का होईना, तासभर हात वर करून उभी राहायला दुसरी कोणी तयार होईना. फोमबोर्ड पाच मिलिमीटरचा. कटआउट दुकानात गेला आणि शीटमध्ये बायकोच्या आकाराचं भोक उरलं. ती शीट त्याने भिंतीला टेकवून ठेवली.

दुपारी चष्मेवाल्याचा फोन आला.

"अहो, वहिनींनी हात खाली घेतला की!"

"उन्हात ठेवलात ना? ऊन लागलं की फोमबोर्ड वाकतो. आमच्यासारखाच."

"ऊन कुठलं? एसीत आहेत त्या."

बोर्डवाला हसला. हसता हसता त्याचं शीटकडे लक्ष गेलं. भोकाचाही हात खाली होता. कड अगदी सफाईने कापलेली, त्याच्याच हातची वाटावी अशी.

त्याने बायकोला फोन लावला. नुसतीच रिंग वाजत राहिली. मग पुन्हा चष्मेवाला.

"आता त्या वळल्यात. म्हणजे दिसतच नाहीत, नुसती कड दिसते. दाराकडे तोंड असावं."

शीटमधलं भोक मिटून आता एक उभी फट उरली होती. त्याने मोजपट्टी लावली. पाच मिलिमीटर.

मागे दार वाजलं. त्याने वळून पाहिलं, तर दारात कोणीच नव्हतं.

"अहो," बायको अगदी त्याच्या नाकासमोरून वैतागून म्हणाली, "मी इथे उभी आहे आणि तुम्ही आरपार काय बघताय?"