नकोसा दगडोबा

“बघा बाई, आपल्या डोळ्यांनी बघा,” तहसील कचेरीतले पेशकार दत्तोपंत नाकाला रुमाल लावून म्हणाले. “उकिरड्यापाशी बसवलंय पोर. आईला फिकीर आहे का काही?”

सौदामिनीबाई बैलगाडीतून उतरल्या. तीन वर्षांचा मुलगा राखेत बसला होता. केसांच्या जटा झालेल्या, गालाला काजळी, अंगात नुसत्या ठिगळांचा सदरा. नाव विचारलं तर शेजारणी हसल्या. “दगड्या! दगडोबा म्हना हवं तर. असलं ध्यान देवानं कुनाला देऊ न्हाई.”

निजामी अमदानीतले ते दिवस. नांदेडला मुलांचा एक आश्रम नुकताच निघाला होता. घरी ज्यांची आबाळ होते अशी मुलं पाहून यायचं काम सौदामिनीबाईंकडे होतं. पाहणीला त्या उपाशीपोटीच निघत. म्हणत, आईपासून मूल तोडायचं तर पोटात अन्न नको. दत्तोपंत हैद्राबाद शहरात वाढलेले, नायगावच्या बाजूला नवे बदलून आलेले. हे पोर आश्रमात न्यावं अशी दरखास्त त्यांनीच केली होती. माणूस वाईट नव्हता. त्यांना पोराची खरंच दया आली होती. आता बाईंनी नुसतं ‘होय’ म्हणायचा अवकाश, पोर दिवस मावळायच्या आत नांदेडच्या वाटेला लागलं असतं.

मुलाची आई सिंधू दाराला टेकून उभी होती. नवरा मजुरीला गेला होता.

“ह्याला तू रोज उकिरड्यावर बसवतेस?”

“हाव.”

“सणालासुद्धा नवं कापड नाही?”

“न्हाई. ह्याला कशाला नवं?”

सौदामिनीबाईंनी आवाज आणखी हळू केला. “आम्ही घेऊन जातो त्याला. जेवू घालू, शाळेत घालू. तुला हवाय का तो?”

सिंधूच्या मुठीत पदर पिळवटत गेला. ओठ पांढरे पडले. पण बोलली ती ठणकावून, “मला नगं. काय करायचाय असला दगड?”

“ऐकलंत?” दत्तोपंत म्हणाले. “स्वतःच्या तोंडानं सांगून राहिली!”

बाईंनी पोराला मांडीवर घेतलं. त्यांची रीत ठरलेली होती. आधी कानांमागं बघायचं, मग नखं, मग पोट. कानांमागं मळ नव्हता. नखं काढलेली होती. पोट दुधाभाकरीनं टम्म. जटांना तेलाचा वास. सदरा उलटवून पाहिला, तर आतून जुन्या लुगड्याचं मऊ अस्तर आणि मुंगीएवढाले टाके. नाक टोचलेलं, त्यात चांदीची बारीक तार.

बाईंचा हात त्या तारेवरच थांबला.

माहूरच्या डोंगराखालचं त्यांचं माहेर. दोन पोरं पाळण्यातच गेल्यावर धाकटा भाऊ झाला होता. कागदोपत्री रेणुकादास, पण सूपभर कोंडा देऊन आईनं त्याला शेजारणीकडून ‘विकत’ घेतला, म्हणून सगळ्या आळीत कोंड्या. पाच घरच्या चिंध्या मागून त्याचं अंगडं शिवलं. त्याचंही नाक टोचलं. पाडव्याला सगळ्यांना नवे कपडे, कोंड्याला ठिगळं. सात वर्षांची सौदामिनी भांडली होती, “आई, तुला तो आवडत नाही का गं?” आईनं झटकन तिच्या तोंडावर हात दाबला होता. “हळू! जे नकोसं दिसतं, त्याला काळ हात लावत नाही.” कोंड्या आता लातुरात मिशा पिळत फिरतो. आई जाऊन तर किती वर्षं झाली. पण त्या तळहाताचा, भाकरीच्या पिठाचा आणि धुराचा वास, बाईंना या परक्या अंगणात पुन्हा आला.

“ह्याच्या आधीची किती गेली?” त्यांनी विचारलं.

सिंधूनं तीन बोटं दाखवली.

दत्तोपंतांनी कागद पुढं केला. “मग लिहायचं ना, बाई?”

पोरावर आईचा जीव आहे, एवढं चारचौघांत म्हटलं की पोर आईपाशीच राहिलं असतं. पण सिंधूनं तीन वर्षं तोंड दाबून पाळलेला नेम त्याच क्षणी मोडला असता. नेम म्हणजे काय, हे सौदामिनीबाईंना कुणी शिकवायला नको होतं.

त्या उठल्या. जन्मात कधी चढवला नव्हता एवढा आवाज चढवून म्हणाल्या, “काय लिहायचं, पेशकारसाहेब? ना रूप ना रंग! असलं ध्यान आमच्या आश्रमात कुणाला हवंय? पडू द्या इथंच!”

आणि त्यांनी पोराला पुन्हा राखेत बसवलं.

दत्तोपंत बघतच राहिले. सिंधूनं पोराकडं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. ती बाईंच्या पायांवर वाकली आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली,

“तुमच्या तोंडात साखर पडो, माय.”