जुलैतही ऊब असलेलं शहर

"पर्थ कटाप," अक्षदा म्हणाली आणि वहीतल्या नावावर तिने काट मारली. "जुलैत आठ डिग्री. म्हणजे इथल्या जानेवारीसारखंच झालं."

"आणि अ‍ॅडलेड?" उदयने बूट काढता काढता विचारलं. आखाती देशातल्या शुऐबाच्या कारखान्यातून तो नुकताच जवळच्या मंगफमधल्या त्यांच्या फ्लॅटवर परतला होता.

"त्याहून गार. बाबा, तिकडे सगळं उलटं असतं. जुलैत हिवाळा, नाताळ भर उन्हाळ्यात."

"तू बघ. शहर तूच ठरवायचंस. बाकीचं आमच्यावर सोड."

ऑस्ट्रेलियात कायमचं राहायला जाण्याचा अर्ज भरला त्या दिवशीच त्याने हे काम तिच्यावर सोपवलं होतं. ते योग्यच होतं, कारण घरात थंडीशी वैर होतं ते तिचं एकटीचं. नवव्या वर्षी अक्षदाच्या सांध्यांत दुखणं शिरलं, ते पंधराव्यापर्यंत मुक्कामाला होतं. हिवाळ्यात सकाळी बोटांत पेन धरवायचं नाही. उन्हाळ्यात शाळेतला एसी गुडघे आखडून टाकायचा. तिची आई प्रभा सरकारी हॉस्पिटलात नर्स होती. ड्यूटीवर निघण्याआधी ती रोज लेकीचे गुडघे शेकून द्यायची. समुद्राच्या कोमट पाण्यात गळ्यापर्यंत उभी राहिली, की मात्र अक्षदाला दुखण्याचा विसर पडे.

म्हणून तिला शहर समुद्रकाठचं हवं होतं, आणि पाणी जुलैतही सोसेल असं. शाळेच्या लायब्ररीतला अ‍ॅटलास आणि फहाहीलच्या सायबर कॅफेतला अर्धा तास एवढ्या भांडवलावर तिने कोष्टक आखलं. ब्रिस्बेनवर दोन दिवस मन रेंगाळलं, पण तिथल्या पहाटे दहा डिग्रीच्या होत्या. केर्न्सला पाऊस फार. डार्विन उबदार, पण बाबांच्या कामाचं तिथे काही नव्हतं.

"शार्क्स असतील का, ताई?" नऊ वर्षांच्या विशाखाला एवढीच काळजी.

मध्येच एक वाईट बातमी आली. उदयच्या कारखान्यातल्या देवदत्तकाकांचा अर्ज फेटाळला गेला. त्यांच्या मुलाच्या किडनीचं निघालं, आणि एकाच्या मेडिकलपायी, म्हणजे व्हिसासाठीच्या तपासणीपायी, सगळ्या घराला नकार आला. काका हे सांगत होते तेव्हा प्रभा चहा गाळत होती. निम्मा चहा ओट्यावर सांडला.

अक्षदाला त्या दिवसापासून जेवण जाईना. शेवटी तिने बापाला गाठलंच.

"बाबा, माझ्यामुळे सगळ्यांचं अडणार नाही ना?"

उदयने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्यामुळे काही अडणार नाही. मी बघतोय ना."

त्याने खरंच बघितलं असावं. गुरुवारी सुट्टीच्या दिवशी आईबाबा आणि विशाखा असे तिघं मेडिकलला निघाले, तेव्हा अक्षदाही केस विंचरून तयार होती. पण प्रभा म्हणाली, "तुझे सगळे कागद आमच्या हॉस्पिटलात आहेतच. डॉक्टर तिथूनच पाठवणार आहेत. उगीच तिथल्या एसीत चार तास कशाला बसतेस?" ते अक्षदाला पटलं. आई हॉस्पिटलात असण्याचा एवढा तरी फायदा.

तिघं परतेपर्यंत तिने शहर ठरवलं होतं. टाउन्सव्हिल. जुलैतल्या पहाटेही चौदा डिग्री, दुपारी पंचवीस, पाणी बावीसच्या आसपास. धातूंचे कारखाने, म्हणजे बाबांची नोकरी. हॉस्पिटल, म्हणजे आईची.

"आई, ऐक तर! किनारा गावातच आहे. मी रोज सकाळी पाण्यात जाणार, आणि मग तुला शेकावं लागणार नाही..."

"पुरे झालं ते तुझं कोष्टक!" प्रभा एवढ्या जोरात ओरडली की विशाखा दचकली. मग तिनेच अक्षदाला जवळ ओढलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही. मेडिकलमध्ये काही निघालं की काय, म्हणून अक्षदा घाबरली. पण उदय म्हणाला, "थकलीय ती. छान शहर निवडलंस. तिकडेच जाऊ."

त्यानंतर महिने गेले. दहावीची परीक्षा झाली. सुट्टीत अक्षदाने गुहागरला गंगूआत्याकडे जाऊन यावं, तोवर इकडची बांधाबांध होईल, असं ठरलं. तिकीटही आलं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी बेल वाजली. विशाखा खालच्या बकाल्यात, वाण्याच्या दुकानात, खुबूस रोट्या आणायला गेली होती, आईबाबा कामावर. दारात पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ उभे होते, हातात जाड पाकीट.

"उदयभाई हैं? मैं बदरुद्दीन, व्हिसावाला एजंट. मंगफ आया था, सोचा हाथोहाथ दे दूँ."

बाबा याच माणसाच्या ऑफिसात जायचे. तो घरी कधी आला नव्हता.

"अंकल, व्हिसा मिल गया?"

"मिल गया, मुबारक हो! एकदम साफ फाइल थी, कोई अडचन नहीं आई."

म्हणजे आपण पास झालो. सहा वर्षांत पहिल्यांदा तिचं दुखणं कुणाच्या आड आलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पाकीट दोन्ही हातांनी घेतलं, हसत म्हणाली, "टाउन्सव्हिल जा रहे हैं हम. मैंने चुना है."

बदरुद्दीन क्षणभर गोंधळले. मग त्यांनी पाकिटावर बोट ठेवलं.

"गिन लो, बेटा. तीन पासपोर्ट हैं. उदयभाई, भाभी, और उनकी इकलौती बेटी विशाखा." त्यांनी तिच्याकडे मायेने पाहिलं. "आप इनके यहाँ मेहमान हैं?"