गाडी कोठारात लावताना

मार्लिसचा डावा हात उजव्यापेक्षा दोन छटा तरी काळवंडला होता. पाच महिने डावीकडच्या स्टिअरिंगवर गाडी चालवताना तो खिडकीशी, उन्हात होता. माझे दोन्ही हात सारखेच पांढरे. मी घरी, आईपाशी होते.

आम्हा बहिणींच्या नावावरचं हे फिरतं घर इथं उत्तरेत, मॅनिटोबात बर्फ पडायच्या आत दरवर्षी माझ्या कोठारात येतं. मार्लिस उंदीर येऊ नयेत म्हणून पलंगाखाली पुदिन्याच्या पुरचुंड्या ठेवत होती.

"ताई, पाइपांत ते गुलाबी औषध तूच भर बाई, नाहीतर गोठून फुटतील. तुझ्याइतकं निगुतीनं कुणाला जमतं! आणि अगं, समुद्र काय दिसत होता!"

मी औषधाचा कॅन न उघडताच खाली ठेवला.

"पाइप गोठणार नाहीत. उद्या गाडी घेऊन मी दक्षिणेला निघतेय. बर्फ वितळेपर्यंत आईपाशी तू राहा."